इंदूरच्या पाहुण्यांसाठी काढलेला जिताडा

पेण-रोह्याकडे बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मी आयुष्यात इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्यानं नुसतं तोंड उघडलं तरी मला कळतं, आता हे येणार. आणि दर वेळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. अहो, बघण्यासारखं काही नसतं तर आम्ही काय इथे डोळे मिटून बसलो होतो? गोव्याला जाताना वडखळला वडा खायचा, गाडीच्या काचेतून दोन डोंगर बघायचे, झालं यांचं रायगड बघून. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे जे पिकतं ते कुणाला दिसतही नाही.

हे मी उगाच बोलत नाही. नव्वदच्या दशकात, कोकण रेल्वे अजून पुरी व्हायची होती तेव्हा, मी आणि माझा नवरा लोकांना हा मुलूख दाखवत हिंडायचो. नवऱ्याकडे एक जुनी जीप होती. आठवडाभर ती नागोठण्याच्या बाजूला कंपनीच्या शिफ्टची माणसं ने-आण करायची, आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी पर्यटक. आमची खोली रोह्यात होती. नवरा मूळचा रोह्याच्याच आतल्या गावचा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला. गाडी उत्तम चालवायचा, पण बोलायचा नाही. पहिल्या पहिल्या पर्यटकांना तो कुड्याच्या लेण्यांपर्यंत घेऊन गेला आणि परत घेऊन आला, वाटेत एक अक्षर नाही. कोलाडला चहाला थांबले तेव्हा त्यातल्या एका बाईंनी म्हणे विचारलं, ड्रायव्हरची तब्येत बरी नाही का. ते ऐकल्यावर पुढच्या रविवारपासून मीच पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मला बोलायला कुणी शिकवावं लागलं नाही. आई म्हणायची, ही पोरगी जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. मी लोकांना पेणचे गणपतीचे कारखाने दाखवायचे. तिथे मी लग्नाआधी कामाला होते, त्यामुळे मला कुणी अडवत नसे. माघात गेलात तर रंग न लावलेले पांढरे गणपती फळ्यांवर रांगेनं बसलेले दिसतात, आणि मला विचाराल तर ते रंगवलेल्यांपेक्षा देखणे दिसतात. मग नागोठण्याचा जुना दगडी पूल. पालीला जाणारे देवाच्या घाईत असतात, त्यांना मी मुद्दाम त्या पुलावर उतरवायचे. उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे, तिथे पाय सोडून बसायचं. कुड्याच्या लेण्यांना जायचं तर पाणी बरोबर घ्यायचं आणि कुणी टाचेच्या चपला घालून आलं असेल तर त्या गाडीतच ठेवायच्या. रोह्याला यायचं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यावं, देवाची पालखी दारोदार जाते, गावचा माणूस जगात कुठेही असला तरी त्या दिवशी घरी येतो. भर पावसात मात्र येऊ नका, असं मी स्पष्ट सांगायचे. अंबा नदी नागोठण्याच्या बाजारात शिरली की ती पाहुणा बघत नाही.

एवढं सगळं दाखवायचे, पण एक जागा माझ्या यादीत नव्हती. माझ्या माहेरचं मिठागर. पेणहून खाडीकडे उतरलं की खारेपाट लागतो, तिथलं आमचं गाव. बाबांचा सगळा जन्म मिठागरात गेला. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की डोळे दिपतात, इतकं पांढरं. यापेक्षा बघण्यासारखं माझ्याकडे काय होतं? पण तिथे मी कुणाला नेत नव्हते, कारण तिथे जायचं म्हणजे नवऱ्याला घेऊन जायचं, आणि नवऱ्याला घेऊन माहेरी जायचं म्हटलं की मी विषय बदलायचे.

त्याचं कारण होतं एक मासा. हसू नका, सांगते.

आमच्या खारेपाटात घराच्या मागे लहानसं तळं असतं. खाडीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं शेतात येतात, ती धरून या तळ्यात सोडायची. कोलंबी, बारीक मासळी खाऊन तो जिताडा वर्षानुवर्षं वाढतो. घरातलं कुणी त्याला हात लावत नाही. घरात खायला नसलं तरी लावत नाही. तो असतो मानाच्या माणसासाठी, आणि सगळ्यांत आधी जावयासाठी. लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला आला की सासरा स्वतः तळ्यात पाग म्हणजे फेकजाळं टाकतो, जिताडा काढतो आणि त्याचं डोकं जावयाच्या ताटात पडतं. आमच्या आळीत कालवणाच्या वासावरून कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळतं, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या गावाला समजतं, या घरानं जावई करून घेतला. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला डोकं मिळालं. चुलतबहिणींच्या नवऱ्यांना मिळालं. त्यातला एक तर इतका आळशी की डोकं चोखायलाही त्याला कंटाळा आला होता.

माझ्या नवऱ्याला मिळाले बोंबील.

माझं लग्न मी माझं जमवलं होतं. कारखान्यात मी मूर्तींना पांढरा हात द्यायचे आणि हा टेम्पोतून गणपती पोचवायला यायचा. मूर्ती उचलताना हा इतक्या हळू उचलायचा की मला वाटलं, हा माणूस मला पण कधी आपटणार नाही. तसंच झालं, कधी आपटलं नाही. पण आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. बाबांनी माझ्यासाठी खाडीपलीकडचं एक स्थळ मनात धरलं होतं. मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. लग्नाला ते आले नाहीत. काही महिन्यांनी आईनं निरोप पाठवला, या दोघं जेवायला. आम्ही गेलो. बाबा रागावले नाहीत, दारातून हाकललं नाही, बस म्हणाले, पाणी दिलं. आणि ताटात सुके बोंबील. मागच्या दारी तळ्यात जिताडा शेपटी आपटतोय, त्याचा आवाज जेवताना ऐकू येतोय, आणि माझा नवरा मान खाली घालून बोंबील खातोय.

त्यानंतर वर्षं गेली. आम्ही सणावाराला जायचो. नवरा दर वेळी त्याच्या रानातल्या कडव्या वालांची पिशवी न्यायचा, आई ती आत ठेवायची. बाबा त्याला 'रोहेकर' म्हणायचे, जसं बाजारात व्यापाऱ्याला म्हणतात तसं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आमच्याकडे तर मिठाचंच घर. घरी परतल्यावर मी धुमसायचे आणि नवरा म्हणायचा, मला काय, मासा मासाच, बोंबलात काटे कमी. मी ते खरं धरून चालले होते. मग एकदा शिमग्याला गेलो असताना मी मागच्या दारी गेले, तर हा एकटा तळ्याच्या काठावर उभा. पाण्याकडे बघत होता. मला बघितल्याबरोबर म्हणाला, केवढा झालाय, नाही? माझा जीव तुटला अगदी. त्याला मासा नको होता हो. त्याला त्या घरात बसायची जागा हवी होती.

तर अशा दिवसांत इंदूरचं ते जोडपं आलं. इंदूरचे मराठी, दोघं साठीच्या पुढचे. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकू सगळा जन्म मुलं, सासू-सासरे आणि पंगती यांत अडकलेल्या, आता दर वर्षी देशाचा एक कोपरा बघायचा असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचा फोन आमच्या शेजारच्या दुकानात आला. काकूच बोलल्या. म्हणाल्या, देवळं आम्ही खूप बघितली, तुमच्याकडची माणसं काय काम करतात ते बघायचंय. तुम्ही स्वतः कुठल्या? मी म्हटलं, मिठागरातली. त्या म्हणाल्या, म्हणजे मीठ जिथे तयार होतं तिथे? आम्हाला न्याल?

आता या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? इतक्या वर्षांत कुणी असं विचारलंच नव्हतं. मी हो म्हणून बसले, आणि मग रात्रभर नवऱ्याला कसं सांगू याचा विचार करत बसले. तो नेहमीसारखा एवढंच म्हणाला, जाऊ की.

आईला निरोप पाठवला की रविवारी पाहुणे मीठ बघायला येतील आणि आपल्याकडेच जेवतील. आईचा उलटा निरोप आला, त्या दिवशी त्यांचा उपास तर नाय ना, ते नीट विचारून घे. आई या बाबतीत फार पक्की. एकदा कुणी साहेब संकष्टीला आला होता आणि सगळं केलेलं वाया गेलं होतं. मी दुकानातून इंदूरला फोन लावला आणि काकूंना स्पष्ट विचारलं, रविवारी तुम्हा दोघांना काही उपासबिपास नाही ना? काकू म्हणाल्या, नाही हो, आम्ही काही करत नाही. नवऱ्यानं कॅलेंडरही बघितलं. संकष्टी नाही, एकादशी नाही. सगळं पक्कं झालं. आमच्या खारेपाटात माणूस दोनच जातीचा, आज उपास असलेला आणि आज उपास नसलेला. तिसरा कुणी असेल हे आईच्या, माझ्या किंवा बाबांच्या डोक्यातच आलं नाही.

माघ संपत आला होता. सकाळी आम्ही त्यांना पेणला घेतलं. काकू बारीक, चष्म्याच्या, पायात बूट घातलेल्या. काका हळू चालणारे. आधी त्यांना कारखान्यात नेलं. काकू एका ओल्या मूर्तीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि तिथल्या कारागिराला विचारू लागल्या, की सोंडेला तडा गेला तर तुम्हाला वाईट वाटतं का. तो गडबडला. आजवर लोकांनी त्याला फक्त भाव विचारला होता. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

मग आम्ही खाडीकडे उतरलो. बाबा बांधावर येऊन उभे होते. अंगात धुतलेला सदरा. हा सदरा मी शेवटचा बहिणीच्या लग्नात बघितला होता. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले, नवऱ्याकडे बघून 'आलास रोहेकर' म्हणाले आणि चालायला लागले. मिठागरात पांढऱ्या राशी लागल्या होत्या. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत कसं घ्यायचं, एका खणातून दुसऱ्या खणात सोडता सोडता ते कसं दाट होतं, आणि मग लांब दांड्याच्या फळीनं मीठ कसं ओढायचं, ते बाबा सांगत होते. मी माझ्या बापाला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी बूट काढले आणि सरळ खणात उतरल्या. काका काठावरून ओरडले, अगं पडशील. त्या नाही पडल्या. बाबांनी ओंजळभर खडे त्यांच्या हातावर ठेवले. काकूंनी एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, चाळीस वर्षं स्वयंपाक केला, पण हे कुणाच्या हातचं ते मला आज कळलं.

बाबांनी तोंड फिरवलं. खाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, डोळ्यांत काही गेलं. काही गेलं नव्हतं.

मी पुढे घरी गेले, आईच्या कामाला हात लावावा म्हणून. आळीत शिरले आणि माझे पाय थांबले. वास. तो वास मी झोपेत पण ओळखेन. चुलीवर मोठं टोप, त्यात लाल कालवण, आणि मधोमध जिताड्याचं डोकं, एका ताटात मावणार नाही एवढं. बाबांनी पहाटे पाग टाकला होता. वर्षानुवर्षं तळ्यात वाढलेला तो जिताडा, ज्याच्याकडे माझा नवरा काठावर उभा राहून बघायचा, तो बाबांनी काढला होता परक्या माणसांसाठी, ज्यांचं नावही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आईला म्हटलं, हे काय आहे? आई वाल सोलत बसली होती, पाहुण्यांच्या पानात एक भाजी हवी म्हणून बिरडं करणार होती. नवऱ्यानेच मागे आणून दिलेले वाल. ती शांतपणे म्हणाली, तुझ्या बाबाचं म्हननं, आजपर्यंत साहेब आले, ठेकेदार आले, मिठाचा हिशोब बघून गेले. मीठ बघाला पयल्यांदा कोन तरी येतंय. मी म्हटलं, येऊ दे की. त्यांना सुरमई आण, कोलंबी आण, पापलेट आण. हा कशाला काढला? हा कुणाचा होता? माझा नवरा काय रस्त्यावर पडलाय? आई म्हणाली, तोंड आवर गो, बाहेर ऐकू जातंय.

जात असणारच. आमच्या घराच्या भिंती कुडाच्या. मी बाहेर आले तर नवरा जीपची काच पुसत होता, जी स्वच्छच होती. मी काही बोलायच्या आत म्हणाला, असू दे. पाहुणे चांगले आहेत. त्यांच्यापुढे तमाशा नको. मी म्हटलं, मी आत्ता निघते, तू चल. तो म्हणाला, जेवून जाऊ. एवढं बोलून पुन्हा फडकं फिरवायला लागला. मला त्या क्षणी बापाचा इतका राग आला होता की आजही आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

पानं मांडली. पाहुणे काका, काकू, माझा चुलता म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आणि शेवटी माझा नवरा. बाबा बसले नाहीत, वाढायला उभे राहिले. आधी भाकऱ्या आल्या, पांढऱ्या, तांदळाच्या. मग बिरडं. मग बाबांनी स्वतःच्या हातानं मोठं पितळी ताट आणलं, त्यात जिताड्याचं डोकं, वर कोथिंबीर, आणि ते पाहुण्या काकांच्या समोर ठेवलं. काका त्या डोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझा पदर हळूच ओढला आणि कानाशी म्हणाल्या, बाळा, आम्ही मासे खात नाही गं.

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, पण तुम्ही म्हणालात आज उपास नाही. त्या म्हणाल्या, उपास नाहीच. आम्ही कधीच खात नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लं नसेल.

आई भाकरी घेऊन दारात उभी होती. ती खरोखर चकित होऊन म्हणाली, "रविवारी पन नाय?"

एरवी मी पोट धरून हसले असते. पण काकांचा चेहरा इतका पडला होता की हसवेना. ते हात जोडून पुन्हा पुन्हा माफी मागायला लागले, आमचंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं, तुम्ही एवढ्या प्रेमानं केलंत. काकू तर रडायच्या बेतात. बाबांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, तुमचं काय नाय चुकलं, आमीच विचारलं नाय. पोटभर जेवा, बिरडं चांगलं झालंय. आणि खाली वाकून त्यांनी ते ताट उचललं. काकू मग बिरड्याला लागल्या आणि खरंच चवीनं जेवायला लागल्या. काकांनी पण भाकरी मोडली. आईनं आतून ताक आणलं. हळूहळू सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बाबा मात्र ते ताट हातात धरून तसेच मध्येच उभे. एवढं मोठं डोकं, त्याचं करायचं काय? पुन्हा टोपात घालता येत नाही, मानाचं ताट एकदा मांडलं की मांडलं.

आणि मग माझा चुलता बोलला. मनानं भोळा माणूस, त्याला वाटलं आता वाट सापडली. म्हणाला, "दादा, ठेव की ते रोहेकराच्या म्होरं. इतक्या वर्सांनी त्याला बी मिळू दे."

चुलता वाईट बोलला नव्हता. नवऱ्याच्या मनात इतकी वर्षं जे होतं तेच तो बोलला होता, आणि आता ते हातभर अंतरावर होतं. पण ते आलं होतं कसं, तर दुसऱ्यानं नको म्हटलेलं. घे म्हणावं तर नाचक्की, नको म्हणावं तर नाचक्की. नवऱ्यानं घास हातातच धरला होता. मान वर केली नाही. मी मनाशी ठरवलं, बाबांनी ते ताट इकडे आणलं तर मी उठवणार ह्याला पानावरून, आणि पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही, मेले तरी.

बाबांनी चुलत्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. आवाज चढवला नाही, शेजारच्या माणसाला हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाले,

"नाय. पाव्हण्यानं परतवलेलं ताट जावयाम्होरं मांडत नाय आपल्यात."

आणि ते ताट त्यांनी चुलत्याच्या पुढ्यात आपटल्यासारखं ठेवलं. खा तू.

इंदूरच्या दोघांना काय झालं ते कळलं नव्हतं, त्या काकू माझ्याकडे बघत होत्या, कारण मी सगळ्यांसमोर उभी राहून रडत होते. आई पदर तोंडाला लावून आत वळली. चुलता जिताड्याचं डोकं समोर घेऊन बसला होता आणि त्याला ते खावं की न खावं ते सुचत नव्हतं.

नवरा खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं हातातला घास खाल्ला, ताटातलं बिरडं संपवलं, ताट पुसून घेतलं. त्या घरात इतकी वर्षं जे वाढलं जाईल तेवढं खाऊन तो उठत आला होता, पाणीसुद्धा कधी मागून घेतलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसत होते तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला.

"मामा," तो बाबांना म्हणाला, "भाकरी संपली माझी."

बाबा स्वतः चुलीपाशी गेले आणि तव्यावरची गरम भाकरी या हातातून त्या हातात झेलत घेऊन आले.